रिकाम्या कपानंतर

टपरीवर चहाचा कप रिकामा झाला की माझे एक सीनियर बाकड्यावरून उठत. "बसा ना," म्हटलं तर म्हणत, "काहून? दुसऱ्याले बसू दे ना गा."

आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात ते डेटाबेस सांभाळत. लकडगंजच्या व्यापाऱ्यांना माल पोचल्याचे मेसेज लवकर जावेत म्हणून मी एकदा त्यांना न विचारता मेसेज पाठवणारे वर्कर, म्हणजे मागे चालणारे छोटे प्रोग्रॅम, चारचे चाळीस केले. प्रत्येक वर्कर काम नसतानाही डेटाबेसचं एक कनेक्शन धरून बसला. कनेक्शनं मोजकीच असतात; भर दुपारी ती संपली, बुकिंगच्या काउंटरवर साधी पावती निघेना.

त्यांनी वर्कर कमी केले, काम झालं की कनेक्शन सुटेल अशी सोय केली. तो बदल कोणी केला, हे त्यांनी सिस्टीमच्या नोंदीत पाहिलं होतं. तरी साहेबांना म्हणाले, "लिमिट मीच लावाले पाहिजे होती, सर."

मी शेजारीच उभा होतो.

महिन्याभरात त्या गोंधळापायी त्यांना खापरखेड्याच्या छोट्या ऑफिसात धाडलं. चूक माझी होती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. टपरीवर चहा संपला की मी लगेच उठतो. त्या खुर्चीवरून मात्र उठवत नाही.