त्यानं उभं ऱ्हावं

आमच्या वेल्ह्याच्या मामीला चहाडी चालत नसे. बैलाचं दावं सुटलेलं राहिलं, दुधाला विरजण लावायचं विसरलं, की ती आम्हा पोरांना ओसरीवर बसवायची आणि अगदी हळू म्हणायची, "कुनी केलं, त्यानं उभं ऱ्हावं." दुसऱ्याकडं बोट दाखवणाऱ्याला जेवायला शेवटी. उभं राहणाऱ्याला एक धपाटा आणि वर गूळ-शेंगदाणे. एकदा तिनंच आमटी करपवली, तर सगळ्यांदेखत उभी राहिली. "म्या केलं," म्हणाली. मामांनी तीच आमटी भाकरीबरोबर संपवली.

पुढं गावात शेतकऱ्यांची कंपनी निघाली. भातगिरणी घालायची होती, पैसा बहुतेक सरकारी अनुदानाचा. संचालकांत बाई हवी म्हणून मामीला घेतलं. चेअरमन सांगेल तिथं ती सही करायची. "शिकल्याला मानूस हाय, वाईट कशाला करंल?" नव्या यंत्राच्या बिलावरही तिनं अशीच सही केली. गिरणी सुरू झाली आणि तांदळाऐवजी नुसती कणी पडायला लागली. मामीनं विळ्यानं यंत्राचा रंग खरवडला, तर खाली सगळा गंज. चेअरमननं जुनंच यंत्र रंगवून आणलं होतं आणि मधला पैसा गिळला होता.

मी भोरला वकिली करते. मामी माझ्याकडं आली, तक्रार लिहून दे म्हणाली. मी समजावलं, "मामी, बिलावर तुझी सही आहे. गुन्हा तुझ्यावरही दाखल होईल."

"व्हऊ दे की. सही म्या केली न्हाई व्हय?"

झाला दाखल. चेअरमन अटकपूर्व जामीन घेऊन गावभर मिरवत होता. मामी मात्र बोलावणं आलं की डोक्यावरचा पदर सारखा करून पोलीस ठाण्यात जाऊन बसायची. खटला उभा राहायच्या आधीच ती झोपेत गेली. तिची राख निवते न निवते तोच त्या हरामखोरानं पोलिसांना लिहून दिलं, यंत्राची खरेदी मयत संचालिकाच बघत होत्या. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, हे त्याला कुणीतरी नीट पढवलेलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्याकडं दहाव्याला पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. तोही आला, कडक इस्त्रीत. नदीकाठी माईक धरून म्हणाला, "मामी गेल्या आणि आपली कंपनी पोरकी झाली."

बायका तिथं बोलत नाहीत. मी उठले आणि त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

"मामीचं एकच वाक्य सांगते. गिरणीत गंजकं यंत्र कुनी आनलं, त्यानं उभं ऱ्हावं."

सतरंजीवरची सगळी माणसं त्याच्याकडं बघायला लागली. भाषण करून तो अजून उभाच होता. माझं बोलणं संपलं, तसा तो खाली बसला.