माघारीच्या दिवशीची सुट्टी

चाकणच्या पुढे एका गावाच्या हद्दीत माझं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांमध्ये बसवायच्या वायरी कापायच्या, लाकडी बोर्डावर मांडून टेप गुंडाळायची आणि तयार जुडगे जवळच्या मोठ्या कंपनीला पोचवायचे, एवढंच काम. पंधराएक बाया कामाला येतात. मी राहते चिंचवडला, माझं मतही तिकडेच. या गावात मी फक्त कर भरते.

आमच्या भागातले छोटे कारखानदार अधूनमधून जमतात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हाच्या बैठकीत भोसरीहून इकडे शेड हलवलेला एक जण तावातावाने म्हणाला, "टॅक्स आपण भरायचा, रस्ता आपला खराब, आणि मत आपल्याला नाही. प्रत्येक कारखान्याला एक मत पाहिजे, राव."

कोपऱ्यात चहा पीत बसलेले एक जुने कारखानदार हसले. "भाऊ, मोठ्या कंपनीला मत लागत नाही. तिचा उमेदवारच असतो."

सगळे हसले. मी घड्याळ बघत होते, गाडी भरायची होती.

त्याच आठवड्यात माझ्या वर्कशॉपमधल्या एका बाईने अर्ज भरला. गावातलीच, माझ्याच वयाची, बोर्डावर सगळ्यांत जास्त वर्षं काढलेली. तिच्या घरामागून ओढा जातो. गावातला एक ठेकेदार त्याच मोठ्या कंपनीचं भंगार उचलतो आणि त्यातले तेलाचे ड्रम त्या ओढ्यावर धुतो. तिच्या विहिरीच्या पाण्यावर तवंग येतो, गुरं पाण्याला तोंड लावत नाहीत. ग्रामपंचायतीत तिने खूप खेटे घातले. आता वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला होता आणि ठेकेदाराने आपल्या बायकोला उभं केलं होतं. समोर कुणी नव्हतं. ही उभी राहिली.

"निवडून आले की पयलं ड्रम बंद," ती बोर्डावरून मान वर न करता म्हणाली.

"आन मग आमाला विसरशील," शेजारची म्हणाली.

"तुला सरपंच करते, गप ऱ्हा."

दोन दिवसांनी ठेकेदार वर्कशॉपमध्ये आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, माझ्या मुलांच्या शिक्षणाची चौकशी केली. मग म्हणाला, "ताई, गावाची इच्छा हाय, बिनविरोध व्हावं. उगं भावकीत वाकडंपणा नको. ती तुमच्याकडं कामाला हाय. तुमच्या शब्दाभाईर न्हाई."

"माझं इथे मत नाही," मी म्हटलं.

"तुमचं मत कोण मागतंय?" तो हसत उठला.

त्या संध्याकाळपासून माझा टेम्पो कंपनीच्या गेटवर थांबायला लागला. कुणी नाही म्हणत नसे. सिक्युरिटीवाला म्हणे, आत जागा नाही. आतला माणूस म्हणे, गेटवरून गाडी आलीच नाही. गाड्या लावणारी पोरं ठेकेदाराची, हे सगळ्यांना माहीत होतं. मी खरेदी विभागातल्या साहेबांना फोन केला. ते फार गोड बोलले. "मॅडम, गावात शांतता असली की आपल्या सगळ्यांनाच बरं असतं. तुम्ही समजूतदार आहात."

माल वर्कशॉपमध्ये साठत गेला. बोर्डांच्या मधून चालायला जागा उरली नाही. वर अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस जवळ आला. त्या दिवशी ती कामावर असती, तर लोक म्हणाले असते की मी तिला मुद्दाम बोर्डाशी अडकवून ठेवलं, तिला कचेरीत जाऊच दिलं नाही. तिला एकटीला सुट्टी दिली असती, तर म्हणाले असते की मीच पाठवलं. मी विचार केला, माल ठेवायला जागा नाहीच, तर सगळ्यांनाच एक दिवस पगारी सुट्टी देऊन टाकावी. कुणावर जोर नाही, कुणाची बाजू नाही. मला हा मार्ग अगदी स्वच्छ वाटला.

मी तसं जाहीर केलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. नेहमी सुट्टी म्हटलं की गलका होतो, तेव्हा झाला नाही. त्याचा अर्थ मला कळायला हवा होता, पण माझ्या डोक्यात टेम्पो होता.

सुट्टीच्या दिवशी दुपार कलली तसा ड्रायव्हरचा फोन आला. गाडी आत गेली होती, माल उतरवून घेतला होता, वर पोरांनी त्याला चहा पाजला होता. पाठोपाठ ठेकेदाराचा फोन. "ताई, उपकार झाले. बिनविरोध झालं."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली आणि बोर्डावर उभी राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, "अर्ज मागे का घेतलात?"

"तुमीच सांगितलं की."

"मी? मी एक अक्षर बोलले नाही."

"अक्षर कशाला लागतंय, म्याडम? पगारी सुट्टी, ती बी नेमकी माघारीच्या दिवशी." तिच्या आवाजात राग नव्हता, लहान मुलाला समजवावं तसं ती सांगत होती. "मागल्या विलेक्शनला माझा दीर हुबा व्हता, त्याला पलीकडच्या कंपनीनं आशीच सुट्टी दिली व्हती. त्याला उमजलं न्हाई, तो घरी झोपून ऱ्हायला. पुढं त्याला गेटातून आत घेतलाच न्हाई."

इथल्या कंपन्या अशाच बोलतात हे मला ठाऊक होतं. जत्रेला बस कधी मिळते, कुणाच्या गावाला सुट्टी मिळते, त्याचे अर्थ मीही इतरांच्या बाबतीत लावत आले होते. पण मी म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पंधरा बाया. मी कंपनी नाही, असं मी धरून चालले होते. बोर्डावर उभ्या असलेल्यांच्या दृष्टीने मी कंपनीच होते.

मी तिला सगळं सांगितलं, सुट्टी का दिली ते. तिचा हात क्षणभर थांबला.

"मग तोंडानं सांगायचं व्हतं."

"काय सांगायचं होतं?"

"ऱ्हा हुबी, म्हणून."

तेवढं मी सांगितलं नसतं. टेम्पो चार दिवस गेटवर होता. ते तिलाही माहीत होतं, म्हणून तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"पुढच्या वेळी उभ्या राहा," मी म्हटलं. हे वाक्य किती पोकळ आहे ते म्हणतानाच कळलं.

शेजारची हसली. "पुढच्या बारीला ह्यो वॉर्ड बायांचा ऱ्हातोय व्हय? सोडत निघती, म्याडम. खुला निघाला तर हिच्या घरातनं दीरच हुबा ऱ्हाईल. त्यो आता ठेकेदाराच्याच भंगाराच्या गाडीवर हाय."

"आन तवर हिरीचं काय?" ती म्हणाली. विचारलं कुणालाच नव्हतं.

ठेकेदाराने निवडणुकीपुरतं थांबवलेलं ड्रम धुणं त्या सकाळीच पुन्हा सुरू झालं होतं. मी प्रदूषणाच्या कचेरीत तक्रार करायचं बोलले. तिने मान हलवली. तक्रारीवर आधी ग्रामपंचायतीचं म्हणणं मागवतात, हे तिला खेटे घालून पाठ झालं होतं आणि ग्रामपंचायतीत आता ठेकेदाराची बायको बसणार होती. तरी मी तक्रार केली. अजून कुणी आलेलं नाही.

मग मला सुचलं ते मी बोलले. वर्कशॉपमध्ये पिण्याच्या पाण्याचं मशीन आहे, त्यातून रोज दोन कॅन भरून न्या.

"दोन कॅननं गुरं भागत्यात व्हय, म्याडम?" ती म्हणाली आणि बाकीच्या जोरात हसल्या. मीही हसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. मशीनची बारीक धार कॅनमध्ये पडत होती, वेळ लागत होता. दोन्ही कॅन भरून झाल्यावर तिने ते न्यायला आलेल्या मुलाच्या स्कूटरवर पुढे ठेवले आणि गेली.