वहिनीच्या प्रश्नावर मी विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, दवाखान्यात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सिस्टरांना नाही. माझ्या वहिनीने एकदा तोंड उघडून गालाच्या आतला डाग मला दाखवला होता आणि सरळ विचारलं होतं, "भावजी, हे काय हाय? वाईट हाय काय?" तिला कुठे पाठवायला हवं, ते मला त्या क्षणी माहीत होतं. आणि मी म्हटलं, "तुला काय वाटतं, वहिनी?"

एवढंच. वाचणाऱ्याला यात काही वावगं दिसणारही नाही. मलाही पुष्कळ दिवस दिसलं नाही, आणि ते दिसलं नाही याने मी अजून हादरतो.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी चौथीत होतो. आई नव्हती. तिने मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, आणि तरी पहिल्या दिवसापासून मला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणत आली. शेंबडं पोर मी, "भावजी, नाक पुसा" असं ऐकत मोठा झालो. किहीमपासून आत, भातशेतीच्या गावात आमचं घर. मागच्या पडवीत चूल, आणि त्या चुलीवर आठवड्यातून एकदा तवा तापायचा तो भाकरीसाठी नव्हे. वहिनी तंबाखूची पानं काळी होईपर्यंत त्यावर भाजायची, चुरायची आणि गोल डबीत भरून ठेवायची. मशेरी. सकाळी, जेवल्यावर, दुपारी अंग टाकण्याआधी, बोटावर चिमूटभर घेऊन ती दातांवर, हिरड्यांवर फिरवायची आणि उरलेली गालाच्या खोबणीत तशीच राहू द्यायची. आमच्या भागात हे व्यसन कुणी समजत नाही. दात घासणं समजतात. तिला ते तिच्या आईने शिकवलं; माझी आईही तेच करायची.

मी मोठा होऊन समुपदेशक झालो. अलिबागपासून फार लांब नाही अशा एका दवाखान्यात बीपी, शुगर, तंबाखू, दारू अशांसाठी येणाऱ्यांशी बोलणं हे माझं काम. सुरुवातीला मी भाषण द्यायचो. लोक मान डोलवायचे आणि बाहेरच्या टपरीवर जाऊन तंबाखू मळायचे. मग आमचं एक प्रशिक्षण झालं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, आम्ही नुसतं एमआय म्हणतो. माणूस बदलतो तो आपल्या सांगण्याने नाही, स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणांनी, असा त्याचा गाभा. म्हणून उपदेश करायचा नाही. प्रश्न विचारायचे, पण हो किंवा नाही एवढ्यावर संपणारे नाहीत. तो बोलेल ते आरशासारखं परत दाखवायचं. सोडायची इच्छा शून्य ते दहात किती ते विचारायचं, आणि त्याने तीन म्हटलं की "तीनच का?" असं न म्हणता "एक का नाही?" असं विचारायचं. मग तो आपणहून बदलाच्या बाजूने बोलायला लागतो.

हे खरंच चालतं. मी चालताना पाहिलंय. मी मुळात कमी बोलणारा, कुणाला दुखवायला घाबरणारा माणूस. मला तर ही पद्धत माझ्यासाठीच कुणी शोधून काढली असं वाटलं.

पावसाळ्याच्या आधी एका दुपारी वहिनीने ओटीवर बोलावलं. म्हणाली, तिखट लागलं की उजव्या गालात झोंबतं. मी मोबाइलचा दिवा लावला. तिने पदर बाजूला करून तोंड उघडलं. खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधे, जिथे मशेरी बसायची तिथेच, पांढरा चट्टा होता. दुधाची साय चिकटावी तसा, पण पुसून निघणार नाही असा. त्यात एका कडेला लाल. अशा चट्ट्याचे फोटो आम्हाला भिंतीवर मोठे करून दाखवले होते. लाल दिसलं की थांबायचं नाही, तुकडा काढून तपासायला पाठवायचं, हे मी स्वतः गावोगावच्या आशाताईंना शिकवलं होतं.

मी मोबाइल मागे घेतला. दिवा तिच्या डोळ्यांवर गेला.

"डोले फोडताव काय माझे?" ती हसली. मग हसू थांबवून तिने विचारलं. वाईट हाय काय?

आणि मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटनार? मशेरीनं तोंड आलं असंल."

"म्हणजे मशेरीचा त्रास होतोय असं तुला वाटतं."

"व्हय. वाटतं खरं."

झालं. गाडी रुळावर आली. माझा आवाज स्थिर झाला. मी तिला विचारलं, मशेरी सोडावी असं शून्य ते दहात किती वाटतं? ती म्हणाली चार. चार का, दोन का नाही?

"दोन बोलले असते तर तुमी रुसले असते."

आम्ही दोघं हसलो. मी हसलो! चट्टा पाहून पाच मिनिटंही झाली नव्हती.

मनाशी मी कारणं जुळवली. आत्ताच तो शब्द उच्चारला तर ती दवाखान्याचं तोंड बघणार नाही. आधी मशेरी सुटू दे. सुटली की असे चट्टे कधी कधी विरतातही. मग तयारी झाली की सांगू. बदलाचे टप्पे असतात ना, माणसाला पुढच्या टप्प्यावर ढकलायचं नसतं. शिकलेलं प्रत्येक वाक्य माझ्या मदतीला धावून आलं. सगळी वाक्यं बरोबर होती, आणि मी त्यांच्या आड लपलो होतो. त्या बाईसमोर तो शब्द मला उच्चारायचा नव्हता, बस.

वहिनीने मशेरी सोडली. गंमत नव्हती ती. डोकं चढायचं, पोट साफ व्हायचं नाही, भावावर खेकसायची. भाऊ ओटीवरून मला म्हणायचा, "तुझ्या त्या एमआयपेक्षा हिची मशेरी बरी होती. निदान जेवण वेळेवर मिळायचं." शेजारणी टोमणे मारायच्या, "काय गो, आता मडमेसारखा ब्रश करतेस?" वहिनी म्हणायची, "करते. तुमाला पन देऊ एक?" लवंग चघळत, बडीशेप तोंडात टाकत तिने ते दिवस काढले. मी दर रविवारी जायचो. आकडा चारावरून सातावर आला, मग तिने आकडा सांगणंच सोडलं. म्हणाली, "आता इचारू नका, झालं माझं." ती माझी सगळ्यात चांगली केस होती. हे वाक्य लिहिताना अंगावर काटा येतो, पण मी तिच्याकडे तसंच पाहत होतो. आणि डाग? डाग मी पुन्हा पाहायला मागितला नाही. तिनेही दाखवला नाही. वाईट असतं तर भावजी बोलले असते, असं तिने धरलं असणार.

गणपती झाल्यावर अलिबागला उजळणीचं प्रशिक्षण झालं. प्रत्येकाने एक यशस्वी अनुभव मांडायचा होता. मी नाव, नातं न सांगता वहिनीचा मांडला. चट्टा दाखवला, तिने काय विचारलं, मी काय विचारलं, मग चार, दोन, हसणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षक बाईंनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिने तुम्हाला माहिती विचारली होती. मग तुम्ही दिलीत कधी?"

मी म्हटलं, "नंतर. पुढच्या भेटीत."

खोटं. इतकं पटकन निघालं की माझं मलाच कळेना, हे कोण बोललं.

बाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "लक्षात ठेवा, समोरचा विचारतो तेव्हा सांगायचं असतं. परवानगी घेऊन, सोप्या शब्दांत, आणि मग त्याला काय वाटलं ते विचारायचं. न सांगणं हा एमआय नाही."

पुढचं मला काही ऐकू आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत पानात काय वाढलं तेही आठवत नाही. पद्धतीत हे होतं. पहिल्या प्रशिक्षणातही सांगितलं असणार. मला हवं तेवढंच मी ऐकलं होतं. एका दुपारची चूक म्हणावं तर मी त्या चुकीवर आख्खा पावसाळा काढला होता, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

थेट बस पकडून गावी गेलो. आज सांगायचंच. वहिनी पडवीत बसली होती. तिने मशेरीचा तवा घासून लख्ख केला होता आणि त्यावर माझ्यासाठी घावण काढत होती. "बघा भावजी," म्हणाली, "वास येतो काय? नाय ना?" मी घावण खाल्लं. वास येत नाही म्हटलं. आणि परत आलो.

यापुढच्या न सांगण्याला माझ्याकडे कारणसुद्धा नाही. तोवर मी स्वतःला फसवत तरी होतो. त्या दिवशी मला सगळं कळलेलं होतं, आणि मी घावण खाऊन परत आलो.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. सगळं घर शेतात जमलं होतं. वहिनीने एक शेंग सोलून तोंडात घातली आणि तिथेच थुंकली. दाण्याला रक्त होतं. भावाने उकडलेलं अंडं पुढे केलं. ती म्हणाली, "त्वांड नाय उघडत माझं आताशा." दोन बोटं आत जातील एवढंच उघडत होतं. कधीपासून, असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "हायेत थोडे दिस." पातळ पेज पिऊन तिने ते दिवस लपवले होते, आणि दर रविवारी तिच्यासमोर बसणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी मांडव्याहून रोरो बोटीने मुंबईला निघालो. मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने आरसा घालून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. तपासण्या नंतर झाल्या, पण मला तिथेच समजलं. त्याने विचारलं, "हे आधी कुणाला दाखवलं होतं का? कुणीतरी पाहिलं असेल ना?"

मी खुर्चीच्या मागे उभा होतो. बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं.

वहिनी म्हणाली, "नाय. कोनाला नाय दाखवलं."

डॉक्टर म्हणाला, "लवकर आला असता तर थोडक्यात भागलं असतं, मावशी." वहिनीने मान खाली घातली, जणू चूक तिचीच होती. मी खुर्चीची पाठ धरली.

परतीच्या बोटीत भाऊ चहा आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "वहिनी, तू खोटं का बोललीस?"

ती पाण्याकडे बघत होती. "मग काय सांगू? तुमचं नाव सांगू? नोकरी हाय ती तुमची." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमाला नाय समजलं, त्यात तुमचा काय दोस? तुमी काय डाक्टर हाव?"

भाऊ चहा घेऊन आला. आम्ही तिघांनी चहा घेतला, तिने बशीत ओतून, डाव्या बाजूने.

तिच्या उजव्या जबड्याचा भाग आणि गाल काढावा लागला. छातीचं मांस घेऊन तिथे लावलं. मग लाइट झाले. वॉर्डात रेडिएशनला सगळे लाइटच म्हणायचे. ती जगली आहे. तपासणीला जाते, डॉक्टर सध्या ठीक म्हणतात. पेज, मऊ भात, कालवलेलं पिठलं खाते. बोलणं अर्धं घरच्यांनाच कळतं. कळतं त्यात ती गावातल्या बायकांना सांगते, "भावजींनी मशेरी सोडवली म्हनून वाचले मी." त्या बायका तोंडाला पदर लावून माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. वहिनीने पाठवलं, म्हणतात.

मी त्यांना अजूनही शून्य ते दहा विचारतो. पण आधी तोंड पाहतो, आणि कुणी "वाईट हाय काय?" विचारलं तर तिथल्या तिथे, जसं आहे तसं सांगतो. काही उठून जातात. बहुतेक जात नाहीत. रडतात, चिडतात, आणि मग म्हणतात, "बरं, कुठं जायचं ते सांगा." इतकं सोपं होतं ते. दर वेळी मला नव्याने बसतो तो धक्का हाच आहे.

मला समजलं नव्हतं, असं वहिनी आजही धरून आहे, आणि त्या समजुतीवर तिने मला माफ केलं आहे. मला समजलं होतं. हे मी तिच्यासमोर बसून तिला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.