अबकारीचे तीन पेले

नोकरी मागायला जाण्याइतकी घाण गोष्ट जगात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी वाचून बनवलेलं नाही, भोगून बनवलेलं आहे. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या कल्याणात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लोकांची समजूत अशी, की बी.ए. झालेल्याला कलेक्टर पालखी पाठवून बोलावून नेतो. पालखी काही आली नाही. मीच रोज सकाळी आगगाडीने ठाण्याला जाऊ लागलो, अबकारी खात्याच्या कचेरीत उमेदवार म्हणून.

उमेदवार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवं. उमेदवाराने बिनपगारी राबायचं. कधीतरी जागा निघते, साहेब उमेदवारांना बोलावून पारखतो आणि एकाला घेतो. तोवर हेडक्लार्क सांगेल ते करायचं. आमच्या हेडक्लार्कांना सगळे रावसाहेब म्हणत. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती, आम्हीच भीतीपोटी दिली होती. कॉलेजात राज्यांच्या जमाखर्चाची तत्त्वं शिकून आलेला मी ठाण्याच्या बाजारातून भोपळा घेऊन रावसाहेबांच्या घरी पोचवीत असे. भोपळा जून निघाला, तर भर उन्हात परत पाठवीत. कचेरीत ते तपकीर ओढीत आणि मी सुबक अक्षरात केलेल्या नकलांवर मनसोक्त शिंकत. मग म्हणत, "पुन्हा लिही. कागद घाण झाला." मला त्यांची शिसारी येई. पण तोंडातून "जी रावसाहेब" एवढंच निघे.

हे सगळं मी सोसत होतो ते आईसाठी. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आई लाल आलवणात, केस उतरवलेली, लोकांच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करून जगली आणि तिने मला जगवलं. मुंज असो, श्राद्ध असो, व्रताचं उद्यापन असो, पहिलं बोलावणं आईला. पंगतीत लोक तिच्या पुरणपोळीची वाहवा करीत, आणि ती आत धुरात डोळे पुशीत बसलेली असे. तिच्या मनगटांवर तव्याच्या चटक्यांचे डाग होते, जुन्यावर नवे. मी मनाशी एकच गाठ मारली होती: माझा पहिला पगार घरात आला की आईने परक्याच्या चुलीपुढे बसायचं नाही.

आणि एकदाची जागा निघाली. इन्स्पेक्टरची. दारूवरचा सरकारचा कर बुडू नये म्हणून मक्तेदारांच्या भट्ट्या आणि गुत्ते तपासायचे, कोणी ठरल्यापेक्षा कडक दारू गाळली किंवा पाणी घालून विकली तर पकडायची, हे काम. दिव्याच्या खाडीपासून मुरबाडच्या रानापर्यंत हिंडायचं. पगार चांगला, शिवाय तट्टाचा भत्ता. आम्ही पाचसहा उमेदवार कचेरीच्या ओटीवर जोडे काढून बसलो. माझ्या शेजारी आमच्याच आळीतला एक जण होता. त्याचे काका म्हणजे आळीतलं बडं प्रस्थ. मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतलेले आणि नुकतेच काशीयात्रा करून आलेले, म्हणून आळीत आता काशीकर म्हणवले जाणारे. ते आल्यापासून आळीतली प्रत्येक भानगड त्यांच्या ओसरीवर निवडायला जाई. त्यांचा हा पुतण्या कॉलेजात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा कसाबसा तरलेला. पण अंगरखा कडक इस्त्रीचा, आणि चेहऱ्यावर नोकरी लागल्यासारखाच आव.

साहेबाने सगळ्यांना एकदमच आत घेतलं. तो पुस्तकी मराठी बोलत असे, व्याकरणशुद्ध आणि लाकडासारखी कोरडी. जात विचारली, आजा काय करीत होता ते विचारलं, घोड्यावर बसता येतं का विचारलं. बी.ए.च्या चार वर्षांत काय शिकलो, हे मात्र कोणालाच विचारलं नाही. मग त्याने टाळी वाजवली. त्याचा किरिस्ताव बटलर तबकात काचेचे तीन पेले घेऊन आला. पेल्यांत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी होतं.

"हे मद्य तीन भट्ट्यांचे आहे," साहेब म्हणाला. "मोजण्याचे यंत्र प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. इन्स्पेक्टरला नाक आणि जिव्हा पाहिजे. कोणते कडक आहे, कोणते पातळ केले आहे, सांगा."

आम्ही सगळे ब्राह्मणांची मुलं. मी आणि पुतण्या सोडून बाकीचे पेले पाहूनच मागे सरले आणि नमस्कार करून निघून गेले. रावसाहेब कोपऱ्यात उभे होते. ते छताकडे बघू लागले. साहेबाच्या ओठांवर हसू होतं. माकडवाल्याभोवती जमलेली माणसं माकडाकडे बघून हसतात ना, तसलं. तिथून उठून जावंसं मला किती वाटलं म्हणून सांगू! पण डोळ्यांपुढे आईची मनगटं आली, आणि मी उभाच राहिलो.

पुतण्याने पहिला पेला उचलला. नाकाशी नेला, डोळे मिटले, मान डोलावली. दुसरा हुंगला, तिसरा हुंगला. मग एखाद्या वैद्याने नाडी सांगावी तसं म्हणाला, "पहिली बेताची आहे साहेब. दुसरीत पाणी आहे. तिसरी फार कडक, कायद्याबाहेर."

मी पेला हुंगला. काहीच वास येईना. मला वाटलं, सर्दीने नाक बसलं असेल. मग देवाचं नाव घेतलं, आणि खरंच सांगतो, दारूच पितो आहे अशा समजुतीने घोट घेतला. दुसऱ्याचा घेतला, तिसऱ्याचा घेतला.

"साहेब," मी म्हणालो, "हे तिन्ही पाणी आहे."

साहेब मोठ्याने हसला. बटलरही हसला. पुतण्या तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच त्याच्या पेल्यांत पाणी ओतलं होतं. तिन्ही पेल्यांत खरोखरच साधं पाणी होतं, आणि मला वाटलं, गड जिंकला.

बाहेर ओटीवर तासभर बसवून रावसाहेब निकाल घेऊन आले. जागा पुतण्याला.

माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं, "रावसाहेब, त्याने तर धादांत खोटं सांगितलं!"

रावसाहेबांनी चिमूटभर तपकीर ओढली. "अरे, साहेबांना मीही तेच विचारलं. ते म्हणाले, समोर ठेवलेला पेला जो ब्राह्मण असून पितो, त्याला उद्या मक्तेदार खरी पाजेल, आणि हा तीही पिईल. दुसऱ्याचं काय, त्याला वरून सांगावं तसा तो अहवाल देईल. असा माणूस खात्याला सोयीचा असतो." आणि मग शिंकून म्हणाले, "तुझं नशीब. उद्या येताना पडवळ आण जरा."

पडवळ! मी त्या कचेरीच्या पायऱ्या उतरलो तो पुन्हा चढलो नाही. सरकारची परीक्षा अशी, की प्यालो नसतो तर भित्रा म्हणून गेलो असतो, आणि प्यालो तर लालची म्हणून गेलो. खोटं बोलणारा मात्र उमेदवार म्हणून आत गेला आणि इन्स्पेक्टर होऊन बाहेर आला.

इथवर झालं ते सरकारी. पुढचं आपल्या माणसांचं, आणि त्याची किळस मला जास्त आहे. संध्याकाळी कल्याणला उतरून घरी येतो, तो आळीत बातमी माझ्याआधी पोचलेली: अमक्याचा मुलगा ठाण्याला साहेबासमोर दारू प्याला. कोणी पोचवली, हे सांगायला ज्योतिषी नको. मला काशीकरांच्या ओसरीवर बोलावणं आलं. पाटावर ते स्वतः, शेजारी आळीतले शास्त्रीबुवा, आणि आजूबाजूला दुसऱ्याच्या घरची आग शेकायला आलेली मंडळी. नवे इन्स्पेक्टर खांबाला टेकून उभे. आईलाही बोलावलं होतं. ती दाराआड उभी राहिली.

"दारू प्यालास?" काशीकरांनी विचारलं.

"नाही. पाणी होतं ते. हवं तर यालाच विचारा."

मला वाटलं, सुटलो. मंडळींत थोडी चुळबुळ झाली. शास्त्रीबुवा पुढे झुकले.

"पाणी? कोणी भरलं होतं?"

"साहेबाच्या बटलरने."

 दारू म्हणताना जे चेहरे नुसते मिटक्या मारीत होते, ते पाणी म्हटल्यावर खरोखर घाबरले. शास्त्रीबुवा हळहळून म्हणाले, "अरेरे! दारू असती तर काहीतरी वाट काढता आली असती. ती अग्नीवर चढलेली असते. औषध म्हणूनही घेतात. पण पाणी? आणि तेही त्याच्या हातचं!"

मला हसावं की रडावं ते कळेना. मी म्हणालो, "मग यानेही तेच पेले नाकाला लावले. घ्राणेन अर्धभोजनम् म्हणतात ना? निदान अर्धं प्रायश्चित्त याला द्या."

"वासाला विटाळ नसतो," शास्त्रीबुवांनी तत्काळ निकाल दिला. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून मी आणखी एक विचारलं. काशीहून कल्याणपर्यंत यांचे आगगाडीत इतके दिवस गेले, त्या वाटेत स्टेशनांवरचं पाणी कोणी भरलं होतं? यावर काशीकर असे ओरडले, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मला उद्धट ठरवण्यात आलं. मिशा उतरवून पंचगव्य घ्यायचं, ब्राह्मणभोजन घालायचं, आणि तोवर त्याच गोठ्यात राहायचं. मला कोणी शिवायचंही नाही.

मला काळजी पडली ती आईची. माझा विटाळ तिला लागला, तर तिला कोण बोलावणार? नोकरी नाहीच, वर तिची चूलही मी विझवली. मी दाराकडे बघितलं. ती खाली बघत होती.

तेवढ्यात काशीकरांनी घसा खाकरला. परवा त्यांच्याकडे मावंदं होतं. काशीहून आणलेल्या गंगेची पूजा आणि सगळ्या आळीला जेवण. त्यांचा आवाज मघाच्या मानाने फारच मऊ झाला. "शास्त्रीबुवा, वहिनींचं काय?"

शास्त्रीबुवांना एक क्षणही विचार करावा लागला नाही. "त्यांना काय झालंय? वहिनींचं सोवळं म्हणजे सगळ्या कल्याणात दाखला देण्यासारखं. स्वतःच्या मुलाची सावली पडली तर पुन्हा विहिरीवर जाणारी बाई ती. मुलगा गोठ्यात असेतो त्यांना दोष नाही."

म्हणजे मुलगा बाटला आणि पोळ्या तेवढ्या शुद्ध राहिल्या. शास्त्र पोटाच्या वळणाने इतकं अलगद वळलेलं मी पुढे आयुष्यात पुष्कळदा पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं ते त्या ओसरीवर. आई परवा यायचं कबूल असल्यासारखी मान हलवून निघून गेली. तिचाही मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मावंद्याच्या दिवशी ती पहाटेच कामाला गेली. मी गोठ्यात शेणाच्या वासात पडून पंगतींचे श्लोक ऐकत होतो. एक पंगत उठली, दुसरी बसली. काशीकरांचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट येत होता. "वाढा, वाढा! वहिनी, अहो, काशीत असं अन्न मिळालं नाही. सोवळ्याचं अन्न ओळखू येतं हो, जिभेलाच कळतं!" इन्स्पेक्टरसाहेब पोळीवर पोळी मागत होते. शास्त्रीबुवांनी तर शेवटी नुसतं तूप मागवलं.

उतरत्या उन्हात आई आली. गोठ्याच्या दाराशी थांबली नाही. सरळ आत आली आणि माझ्याजवळ, अंगाला अंग लागेल अशी बसली. मी दचकून बाजूला सरकलो.

"अगं, काय करतेस? मला शिवलीस!"

"सकाळीच शिवले होते," ती म्हणाली.

मला कळेना. तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि भिंतीकडे बघत सांगितलं, "पहाटे उठले ती विहिरीवर गेलेच नाही. इथं आले. तू झोपला होतास. तुझ्या तोंडावरून हात फिरवला, बराच वेळ बसले, आणि तशीच उठून त्यांच्या चुलीपाशी गेले. पारोशी. त्याच हातांनी पुरण वाटलं."

 एवढा जन्म ज्या सोवळ्यावर तिने काढला, ते तिने आपल्या हाताने मोडलं होतं. तिचा चेहरा विजयी नव्हता, तो अगदी थकलेला होता.

"सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं रे," ती म्हणाली. "जिभेला कळतं म्हणे."

मग ती उठली आणि पदर सावरला. "पण हे एकदाच. दरवेळी फसवणं मला जमायचं नाही, आणि आता खऱ्या सोवळ्याने त्यांना वाढावं असं मनातून येणार नाही. उद्यापासून मी कोणाकडे रांधायला जाणार नाही. तुला नोकरी लागो न लागो. चल, घरी चल. सकाळपासून उपाशी आहेस, आणि मीही."