गुंगीत वाचलेलं पोचत नाही

शेवटचा साधा दिवस रविवार होता. आईने सकाळी चहाबरोबर दुखण्यावरची गोळी घेतली, तासाभराने पाठ सुटल्यासारखी वाटली, तेव्हा बाल्कनीत बसून तिने मेथी निवडली. खालून जाणाऱ्या पाववाल्याला हाक मारून कालचा पाव शिळा होता हे सुनावलं. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली बाई. कुणाला काही सुनावल्याशिवाय तिला दिवस गेल्यासारखा वाटत नसे. दुपारी विजूमावशी, तिची जुनी मैत्रीण, पोथी घेऊन आली. सोमवारपासून आईने गोळी बंद केली.

डोळे मिटताना मी रोज या रविवारापाशी अडते. आजही, दुपारी, पलंगावर आडवी झाल्यावर. चार वाजता मावशी येणार आहे. आईचं सात दिवसांचं पारायण पाचव्या दिवशी तिच्याबरोबरच थांबलं. आता सुतक फिटलंय, तर उरलेले दोन दिवस मी वाचून पुरे करावेत असं मावशीचं म्हणणं आहे. नाहीतर आईचा जीव अडकून राहतो म्हणे. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायचंही राहिलंय.

मेथीचा वास येतो. मग स्पिरिटचा.

वॉर्डातल्या सगळ्या खाटा रिकाम्या आहेत, चादरी ताणून बसवलेल्या. आई खाली फरशीवर, चटईवर निजली आहे.

"आई, वर झोप ना."

"पारायणात गादी चालत नाही."

"मणक्यात गाठ आहे तुझ्या."

"मला सांगतेस?" ती हसते. "रिपोर्ट तुझ्याआधी मी वाचला होता."

मी तिच्याजवळ बसते. फरशी आता आमच्या मोरीतली आहे, आणि विजूमावशी आईचे केस धुतेय. कानात पाणी जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरून, अगदी तशीच, जशी आजारपणात धुवायची. रोज मऊ भात करून आणायची, ती हीच. ती दुष्ट असती तर तिला दारातूनच परत पाठवणं किती सोपं झालं असतं.

"विजूवर चिडू नकोस," आई म्हणते. "तिने मनापासून केलं."

"तुमच्या वॉर्डात कुणी मनापासून चुकीचं औषध दिलं तर?"

आई विचार करते. "मी नातेवाइकांना बोलावून सांगायचे."

"खरं?"

"खरंच सांगायचे. दोनदा वेळ आली. एकदा माझी बदली झाली."

आम्ही दोघी एसटी स्टँडच्या बाकावर आहोत. गाडी एकही नाही, पण फलाटावर कुणीतरी पाणी मारून गेलंय. आईचे केस ओले आहेत, मांडीवर पोथी आहे.

"गोळी का नाही घेतलीस?"

"विजू म्हणाली, गोळीने गुंगी येते, आणि गुंगीत वाचलेलं पोचत नाही. भोग आहेत, ते इथेच भोगून संपवावेत."

"आणि तुला पटलं? तू पेशंटवर ओरडायचीस, दुखणं अंगावर काढलं म्हणून बक्षीस मिळत नाही!"

"दुसऱ्याला सांगणं सोपं असतं, शलाका." ती पोथीचा कोपरा नीट करते. "मी शोधत होते गं. रोज वाचताना. कुणाचं काय वाईट केलं मी? एका बाळंतिणीवर ओरडले होते एकदा. कळा सोसत नव्हत्या तिला. ते असेल का?"

माझ्या घरी कर्म आणि दुःख यांवरची पुस्तकं दोन कपाटं भरून आहेत. त्यांतलं एकही वाक्य मला या बाकावर आठवत नाही. मी तोंड उघडते. आवाज येत नाही. त्या पाच दिवसांतही आला नव्हता. मी गोळी तिच्यापुढे धरायचे, ती मान हलवायची, मी पाण्याचा पेला परत न्यायचे. दुसऱ्याची श्रद्धा मोडायचा आपल्याला काय अधिकार, असं काहीतरी सुसंस्कृत मनाशी म्हणायचे, आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून तिचं कण्हणं ऐकायचे.

शेवटी एवढंच विचारता येतं, "किती दुखत होतं? दहापैकी?"

ती आकडा सांगत नाही. माझं मनगट धरते. आधी नाडी बघितल्यासारखं, मग घट्ट, मग आणखी. फलाट पांढरा होत जातो.

"आई, सोड."

ती सोडत नाही.

"एवढं," ती म्हणते. "आणि तरी ओळ चुकली की मागे जाऊन पुन्हा वाचत होते मी."

बेल वाजते. मी पलंगावर आहे, खिडकीतून ऊन पायांवर आलेलं. उजव्या मनगटावर नखांच्या चार खुणा आहेत, लाल, खोल, एकीत रक्ताचा ठिपका. माझी नखं मी कालच कापली आहेत.

दारात विजूमावशी. लाल फडक्यातली पोथी छातीशी, बगलेत पाट.

"आंघोळ झाली का गं? चल, दिवा लावते. आणि हे काय, रडलीस? रडू नये, तिकडे तिला त्रास होतो."

"पाट नको मांडूस, मावशी. मी वाचणार नाही."

"असं नको गं म्हणू. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. तिचा जीव—"

"तिचा जीव या घरात होता तेव्हा तिला गोळी हवी होती."

मावशीची नजर माझ्या हातावर जाते. ती पोथी खुर्चीवर ठेवते आणि माझं मनगट हातात घेते. "अगंबाई, हे काय झालं? थांब, हळद लावते."

तिचे हात उबदार आहेत. मी माझा हात काढून घेत नाही.

"आईचं काहीही चुकलं नव्हतं," मी म्हणते. "या जन्मात नाही, मागच्यात नाही. ती कसलेही भोग भोगत नव्हती. तिला दुखत होतं, मावशी, आणि ते थांबवता येत होतं. तू थांबवू दिलं नाहीस. आणि मी गप्प बसले."