खोली किती?

आमचे हे एकतीस वर्षं रस्त्याच्या कामावर होते. खडी, डांबर, रोलर आणि डोक्यावर ऊन. निवृत्त झाले तरी रस्ता काही सुटेना. फिरायला निघालो की दर दहा पावलांवर थांबून काठी आपटणार आणि कान देणार. मी पुढे जाऊन ताटकळत उभी. गल्लीनं नाव ठेवलं खड्डेकाका. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्यांचं म्हणणं, खड्डा वरून पडतच नाही, खालून पडतो. डांबराला भेग जाते, पाणी आत मुरतं, खालची माती सैल होते. वरून चाकं दाबत राहतात आणि माती पाण्याबरोबर निघून जाते. वर उरतं ते नुसतं झाकण. तक्रार करायची त्यांची रीतही ठरलेली. खड्ड्याशेजारी चप्पल ठेवून फोटो, म्हणजे माप कळतं. जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर. आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा, दर आठवड्याला विचारायचं. असे चाळीसेक खड्डे बुजवून घेतले त्यांनी, हे मात्र मान्य करायला हवं.

आमची लेक शाळेची व्हॅन चालवते. बारा मुलं असतात. एक दिवस शाळेच्या कोपऱ्यावरून हे परत आले ते चहाला शिवलेच नाहीत. तिथे खड्डा नव्हता. रस्ता छान गुळगुळीत होता. पण काठी पोकळ वाजली होती.

"खालची पाण्याची पाइप गळतेय," ते लेकीला म्हणाले. "तिथून गाडी नेऊ नकोस."

"बाबा, फाटक तिथंच आहे. विमानातून उतरवू का पोरांना?"

ती हसली, मीही हसले. हे हसले नाहीत. 

ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तक्रार मी भरली, मोबाइलवर. नाव, पत्ता, आणि पत्त्याखाली एक रिकामी चौकट: खोली. मी आपलं लिहिलं, "दोन, शिवाय स्वयंपाकघर." आठ दिवसांनी उत्तर आलं की आपली घरदुरुस्तीची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. खड्डा किती खोल ते विचारत होते मेले, आणि मी घर मोजून दिलं. हे नुसतं म्हणाले, परत भरू. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते आठही दिवस लेक त्याच कोपऱ्यावरून बारा मुलं घेऊन जात होती.

दुसऱ्यांदा त्यांनी शेजारी बसून लिहवून घेतलं. खोली: अजून पडलेला नाही. दोन दिवसांनी एक माणूस आला, मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही, एक पाय टेकून बघितलं आणि गेला. संध्याकाळी निरोप आला, "जागेवर खड्डा आढळला नाही. तक्रार निकाली."

"खड्डा हवाय ना त्यांना," हे म्हणाले. "पाडून देतो." आणि माळ्यावरची पहार काढली.

सकाळी शाळा भरायच्या आत ते निघाले. मी मागोमाग, तोंडाचा पट्टा चालू. म्हातारपणी पोलीस न्यायला येतील, शोभतं का हे. त्यांनी पहार मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ती त्यांच्या हातातून सुटली आणि सबंध आत गेली. आम्ही दोघं ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं खाली पाण्यात काहीतरी पडलं.

हे रस्त्याच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. व्हॅन आलीच.

"बाबा, बाजूला व्हा ना. लोक बघतायत."

"बघू देत. मुलं उतरव."

तिनं त्यांचं तोंड बघितलं आणि गाडी बंद केली. मुलांना मी हाताला धरून फूटपाथवर नेलं, शाळेच्या भिंतीला टेकवून ओळीनं उभं केलं. इथून हलायचं नाही, अशी तंबी दिली. लेक मुलांजवळ थांबली. मी ह्यांच्याकडे परत आले.

फोनवर हे पालिकेच्या ओव्हरसियरला एवढंच म्हणाले होते, "पहार आत गेली." या वेळी वीस मिनिटांत तो आला. पालथा पडून भोकात टॉर्च धरला. उठला तेव्हा त्याच्या अंगात घाई उरली नव्हती.

"काका, पोकळी रस्त्याखाली थोडीच आहे. सगळी फूटपाथकडे वळलीय. थेट भिंतीपर्यंत."

आम्ही तिघांनी भिंतीकडे बघितलं.  मीच उभं केलं होतं त्यांना तिथे.

"ओरडू नकोस," हे मला म्हणाले. "पळू देऊ नकोस. एकेकाला बोलव. डावीकडून, फाटकाकडे."

मी बोलवत गेले. लाल दप्तर, तू ये. हळू. आता दोन वेण्या. आता चष्मा. मध्येच आतून माती सुटल्याचा आवाज यायचा आणि मी तशीच हसत दुसऱ्याला हाक मारायची. बारा आले आणि फाटकातून आत गेले. लेक एकटी राहिली. तिनं पाऊल उचललं तशी पायाखालची फरशी हलली, आणि ती जागच्या जागी थिजली.

"बाबा, कुठून येऊ?"

"मुलांसारखी नको येऊस. तुझं वजन आहे. भिंतीला पाठ लाव आणि उजवीकडून ये."

ती आली. ह्यांनी तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. शाळेची घंटा व्हायच्या आत डावीकडचा फूटपाथ खाली बसला, फाटकापर्यंत. फारसा आवाजही झाला नाही.

ओव्हरसियर म्हणाला, "काका, तुमचा अनुभव म्हणून वाचली सगळी." लेक रडत होती. हे व्हॅनच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं आणि हळूच विचारलं, उजवी बाजू भक्कम आहे हे कळलं कसं.

"कुठे कळलं," हे म्हणाले. "तिनं विचारलं, म्हणून सांगितलं."