फाट्यावरची बॅटरीवाली

उचगावच्या फाट्यावर कुलसुमभाभीचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. बाईमाणूस बॅटऱ्या भरते म्हटल्यावर नवा ट्रकवाला हमखास हसायचा. आत डोकावून विचारायचा, "मालक कुठं हायत?" बाकड्यावर काळा चष्मा लावून बसलेले तिचे यजमान चमनभाई म्हणायचे, "मालक मीच की. पण काम हिला सांगा. मला दिसत न्हाय." मग पावणं जरा ओशाळायचे.

हसणाऱ्यांनी तिचं काम बघायला हवं होतं. गवतात बसवलेला ॲसिडचा काचेचा जार आला की ती पदर खोचायची, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवायची, डोळ्यांवर मोटरसायकलवाल्याचा जुना जाड चष्मा लावायची. भांड्यात आधी पाणी. मग त्यात ॲसिडची बारीक धार, आणि काचेच्या दांडीनं सावकाश ढवळणं. उलटं केलं, म्हणजे ॲसिडात पाणी ओतलं, की ते जागच्या जागी उकळतं आणि थेट तोंडावर उडतं. एखादा घाईचा ड्रायव्हर म्हणायचा, "वत की भाभी एकदम, किती येळ?" तेव्हा ती मान वर न करता सांगायची, "एकदम वतायचं आसंल तर रसाच्या गाड्यावर जावा." इतकं करूनही थेंब उडायचेच. तिच्या एकाही साडीला धड पदर नव्हता, सगळीकडं बारीक भोकं. पण हातावर नवा डाग म्हणाल तर नऊ वर्षांत एक नाही. आहे का कुणाची छाती असं सांगायची? फाट्यावरच्या भल्याभल्या मिस्त्रींची नव्हती.

दुकानाच्या दारात डाव्या हाताला चुन्याचं पोतं असायचं. फरशीवर ॲसिड सांडलं की ती त्यावर चुना फेकायची. फस्स आवाज व्हायचा, फेस यायचा आणि ॲसिड मरायचं. उजव्या हाताला सिमेंटचा हौद. तो रोज सकाळी विहिरीवरून वीस घागरी आणून ती स्वतः भरायची. आजारी असली तरी भरायची. बाजूचा चहावाला आण्णा म्हणायचा, "भाभी, म्हशी पाळल्यात काय?" ती पुढची घागर आणायला निघायची.

चमनभाईंचे डोळे गेले ते सहासष्ट साली. तेव्हा दुकान तेच चालवायचे आणि कुलसुम भाकरी घेऊन यायची. एका दुपारी ती डबा सोडत असताना त्यांनी घाईत जारमध्येच पाणी ओतलं. ॲसिड उसळून चेहऱ्यावर आलं. माणूस कोंबड्यासारखा तडफडू लागला. तिनं काय करावं? तिनं रोज बघितलं होतं, फरशीवरचं ॲसिड कशानं मरतं ते. तिनं ओंजळभर चुना घेतला, पाण्यात कालवला आणि रडत रडत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत भरला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, ॲसिडनं एवढं झालं नसतं. नुसत्या पाण्यानं अर्धा तास धुतलं असतंत तर नजर राहिली असती. चुन्यानं आतपर्यंत जाळलं." ती ऐकत राहिली. बाहेर आली तेव्हा चमनभाई पट्ट्यांच्या आतून विचारत होते, "काय म्हणाले गं?" ती म्हणाली, "ॲसिड लई कडक हुतं म्हणाले."

झालं. एवढंच एक खोटं, आणि ते तिच्या गळ्यात अडकून बसलं. तिनं दुकान हातात घेतलं, धंदा शिकली, पोटं भरली, आणि चमनभाई रोज सकाळी जारकडं तोंड करून ॲसिडला आईबहिणीवरून शिव्या घालायचे तेव्हा मान खाली घालून ऐकत राहिली. खरं कळलं तर हा माणूस आपल्या हातची भाकरी खाईल का, आपल्याला घरात ठेवील का, ही भीती तिनं नऊ वर्षं कुणाला सांगितली नाही. रात्र रात्र झोप नसायची बिचारीला.

पंचाहत्तर सालच्या मार्चमध्ये भाऊसो आणि बाबासो हे दोघे भाऊ शाहूपुरीतनं गुळाचा ट्रक भरून निघाले आणि बॅटरी बसली म्हणून फाट्यावर थांबले. भाऊसो थोरला, गाडीचा मालक. बाबासो धाकटा, गाडी हाकायचा, हाडाचा उतावळा. बॅटरी चार्जिंगला लावून भाभीनं सांगितलं, "दुपार हुईल. तवर हात लावू नगा." आणि ती घागर घेऊन विहिरीवर गेली. भाऊसो आण्णाकडं चहाला बसला.

बाबासोला दम निघेना. दुकानात अंधारं होतं. बॅटरी किती भरली ते बघू म्हणून त्यानं बुचं काढली, वाकला आणि आत दिसेना म्हणून खिशातनं काडेपेटी काढली. काडेपेटी वाजल्याबरोबर चमनभाई बाकड्यावरनं ओरडले, "आरं काडी वढू नगंस! ग्यास आस्तो त्यात!" पण काडी पेटली होती. चार्ज होणाऱ्या बॅटरीतनं निघणारा वायू बंदुकीच्या बारासारखा भडकला, बॅटरीचे टवके उडाले आणि आतलं ॲसिड बाबासोच्या तोंडावर बसलं.

कुलसुमनं आवाज ऐकला आणि घागर तिथंच टाकून पळाली. बाबासो डोळ्यांवर हात दाबून गुरासारखा ओरडत होता. तिनं त्याला मानगुटीला धरलं, ओढत हौदावर नेलं, काठावर आडवा पाडला आणि छातीवर गुडघा रोवला. एका हातानं पापण्या फाकवल्या, दुसऱ्या हातात तांब्या. पाणी, पाणी, पाणी. तो लाथा झाडत होता, तिच्या मनगटाला चावला. तिनं सोडलं नाही. चार घरची माणसं जमली. परक्या बाप्याच्या छातीवर बाई बसलेली बघून कुणी कुणी तोंडात बोटं घातली. घालू देत.

भाऊसो धावत आला आणि त्यानं तिचा दंड धरला. "सोड त्येला! बुडवून मारतीस काय?"

"अर्धा तास धुवाया लागतंय. हात सोडा माझा."

"नुसत्या पाण्यानं काय हुतंय?" त्याची नजर दारातल्या पोत्यावर गेली. मागच्या खेपेला त्यानं डोळ्यानं बघितलं होतं. तो पळत गेला आणि मूठभर चुना घेऊन आला. "हे घाल! तूच टाकतीस की फरशीवर! फरशीवरचं ॲसिड मरतंय, मग डोळ्यातलं का मरणार न्हाय?"

जमलेली माणसं म्हणाली, "बरोबर हाय. घाला, घाला." आण्णासुद्धा म्हणाला, "भाभी, ऐक की त्येचं." बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. तिनंही एकदा असाच विचार केला होता.

"चुना नगं! डोळं जातील!" ती ओरडली.

"तुला काय म्हाईत? डाक्टर हाईस?" भाऊसोनं तिला ढकललं. ती कोलमडली. चुन्याची मूठ बाबासोच्या चेहऱ्यापासून वीतभर राहिली.

बाकड्यावर चमनभाई कान देऊन बसले होते. कुलसुमनं एकदा तिकडं बघितलं. मग तिनं भाऊसोच्या मनगटाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडली, "मला म्हाईत हाय! त्यो बघा, त्यो बसलाय न्हवं का तिथं माझा मालक! त्येचं डोळं ॲसिडनं गेलं न्हाईत. मी घालवलं! ह्या हातानं चुना भरला मी! डाक्टरनं सांगितलंय मला, नुसतं पाणी घातलं आसतं तर दिसलं आसतं त्येला!"

भाऊसोच्या मुठीतला चुना खाली पडला. कुलसुमनं पुन्हा तांब्या उचलला. धार चुकली नाही. थोड्या वेळानं भाऊसो स्वतः भावाचे पाय धरून बसला आणि आण्णा घागरी आणून देऊ लागला. अर्धा तास नाही, चांगला पाऊण तास तिनं ते डोळे धुतले. मग दुसऱ्या एका ट्रकमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं.

आणि चमनभाई? ते बाकड्यावरनं उठले, काठी घेतली आणि एकटेच घरी गेले.

तीन दिवस ते बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, पण शब्द नाही. ॲसिडला शिव्या नाहीत, हिला नाहीत. कुलसुम दुकान उघडायची, ते मागनं येऊन बसायचे. तिला वाटायचं, ओरडा की, मारा, घराबाहेर काढा, पण काहीतरी म्हणा हो.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊसो आला. गुळाची ढेप पायरीवर ठेवून तो सरळ तिच्या पाया पडला. "दोन्ही डोळं वाचलं भाभी. एका डोळ्याला जरा धूसर दिसंल म्हणत्यात. डाक्टरांनी इचारलं, धुतलं कुणी? म्हटलं, आमच्या बहिणीनं."

चमनभाईंनी बाकड्यावरनं विचारलं, "दिसतंय न्हवं त्येला?"

"दिसतंय, चाचा. आज मला बघून शिव्या दिल्या त्यानं."

भाऊसो गेला. दुकानात दोघंच राहिली.

"कुलसुम."

"जी."

"त्या दिवशी तू चुना घालताना रडत हुतीस. 'आता बरं वाटंल, आता बरं वाटंल' म्हणत हुतीस. मला ऐकू येत हुतं."

ती भिंतीला टेकली.

"डोळं गेलं त्येचा राग न्हाय मला," चमनभाई म्हणाले. "घाईनं जारात पाणी वतणारा मीच की. पण नऊ वरसं माझ्या शेजारी निजून तू एकटीनं हे वागवलंस? मला सांगाया काय झालं हुतं तुला? मी काय परका हुतो?"

आणि मग कुलसुमचा बांध फुटला. भरदुपारी, रस्त्यावरच्या दुकानात, खाली बसून ती लहान पोरीसारखी मोठमोठ्यानं रडू लागली. चमनभाई चाचपडत आले आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. तेवढ्यात दारात एक ट्रकवाला बॅटरी घेऊन उभा राहिला आणि गडबडून म्हणाला, "काय झालं? कोण गेलं काय?"

"कोण गेलं न्हाय," तिच्या पाठीवरचा हात न काढता चमनभाई म्हणाले. "जरा बाहेर बसा, पावणं. आमची मालकीण रडतीया. नऊ वरसांचं हाय, येळ लागंल."